दारे लावलेल्या घरातील फुले



पेन्टेकॉस्टच्या सणाला आपण दोन प्रसंग ऐकतो. संत योहानाच्या शुभवर्तमानात शिष्य भीतीने दारे लावून बसले आहेत. प्रभू येशू त्यांच्यामध्ये येऊन उभा राहतो आणि त्यांच्यावर फुंकर घालतो. प्रेषितांच्या कृत्यांत तेच शिष्य पन्नास दिवसांनी पुन्हा एका घरात बसले आहेत आणि सोसाट्याच्या वाऱ्यासारखा नाद ते घर भरून टाकतो. एका ठिकाणी श्वास, दुसऱ्या ठिकाणी वारा. घरात बसलेल्या माणसांना वारा कशासाठी लागतो, हे समजून घ्यायला आज आपण टोमॅटोच्या एका झाडाजवळ जाऊ या.

आपला गोंदिया जिल्हा धानाचा. पऱ्हे टाकणे, रोवणी, कापणी यांतच आपले वर्ष जाते. टोमॅटो आपल्याकडे सांदवाडीतला. जुनी माणसे त्याला भेदरे म्हणत, आणि न्हाणीच्या सांडपाण्यावर बोराएवढी आंबट भेदरे न लावता उगवत. आता शहरांत चेरी टोमॅटो म्हणून डबीत भरून विकतात ती त्यांचीच गोड भावंडे. यांतले पुष्कळ वाण उंच वाढणारे. बुटक्या जातीचे झाड ठरावीक उंचीवर थांबते. उंच जातीचा शेंडा थांबतच नाही. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने काढलेले 'पुसा चेरी टोमॅटो-१' हे असेच वाण आहे. वरच्या तारेपासून सुतळी सोडायची, एकच खोड तिच्याभोवती वळवत न्यायचे, पानांच्या बेचक्यातून येणारी बगलफूट दर आठवड्याला खुडायची. मग झाड माणसाच्या डोक्याच्या वर जाते आणि घोसामागून घोस देते. (खुडण्या-छाटण्यावर संत योहानाच्या १५ व्या अध्यायाच्या आधारे प्रवचने पुष्कळ झाली आहेत. आज तो विषय नको.)

असे झाड पॉलीहाऊसमध्ये लावतात त्याला कारणे आहेत. पावसाळ्यात आपल्याकडे पाणी धो-धो पडते, फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट होते, आणि पांढरी माशी पाने आकसवणारा रोग घेऊन येते. म्हणून वर प्लास्टिक आणि बाजूंना बारीक जाळी. आत झाड निरोगी वाढते, पिवळ्या फुलांनी भरून जाते. लावणारा आनंदतो. आणि मग एके दिवशी खाली पाहतो तर फुलांचा सडा! टोमॅटोच्या फुलाच्या देठावर एक गाठ असते, त्या गाठीपासून फूल तुटून पडलेले असते. रोग नाही, किडा नाही, पाणी-खत वेळेवर दिलेले आहे.

टोमॅटोच्या फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात. बाहेरून काही आणावे लागत नाही. परंतु पराग एका निमुळत्या पिवळ्या नळीत आत बंद असतो आणि फूल हलल्याशिवाय तो नीट सुटत नाही. मोकळ्या शेतात वारा हे काम करतो. भुंगाही करतो, तो फुलाला धरून अंग असे थरथरवतो की पराग झरझर गळतो. पॉलीहाऊसमध्ये गारा येत नाहीत आणि वाराही येत नाही. पांढरी माशी येत नाही आणि भुंगाही येत नाही. हॉलंड-बेल्जियममध्ये पूर्वी मजूर बॅटरीवर थरथरणारी कांडी घेऊन घोसाघोसाला लावत हिंडत. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे पाळीव भुंग्यांच्या पेट्या काचघरांत ठेवू लागले. आपल्याकडे सोपा उपाय म्हणजे तारेला किंवा सुतळीला टिचकी मारणे. वेळ साधारण सकाळी नऊ ते अकराची. पहाटे पराग ओलसर असतो, चिकटून राहतो. दुपारी फार कोरडा होतो. आणि उष्णता ३५ अंशांच्या वर चढली की पराग निकामी होऊ लागतो, मग कितीही हलवा. आपल्या मे महिन्यात या झाडाकडून फळाची आशा धरू नये.

आता आपल्या घरांकडे पाहू. या जिल्ह्यात आपण ख्रिस्ती थोडे आहोत. मुलांना वाईट संगत लागू नये, त्यांची श्रद्धा डळमळू नये म्हणून आईबाप जपतात. ही भीती खोटी नाही. गारा खरोखर पडतात. प्लास्टिक फाडून टाका असे शहाणा शेतकरी सांगणार नाही, आम्हीही सांगत नाही. पण मूल बारावीनंतर नागपूरला, रायपूरला, पुण्याला वसतिगृहात जाते. शेजारच्या खाटेवरचा मित्र सहज विचारतो, तुम्ही नेमके काय मानता? सतरा वर्षांत हा प्रश्न त्याला कोणी विचारलेलाच नसतो. धर्मशिक्षणाचे धडे पाठ आहेत, बाप्तिस्मा आहे, दृढीकरण आहे. आत सारे आहे, पण ते कधी हललेले नाही. मग तो हसून विषय बदलतो, आणि पुढच्या रविवारी मिस्साही चुकते. आईला वाटते, शहराने पोर बिघडवले. आम्हाला तसे वाटत नाही. त्या घरात कोणी त्याला प्रश्न विचारला असता, शेजारच्या हिंदू किंवा बौद्ध घरी त्याला सणाला पाठवले असते, आजारी माणसाजवळ बसवले असते, तर त्या रात्री त्याला दोन वाक्ये तरी सुचली असती.

टिचकीलाही वेळ असते हे मात्र आईबापांनी विसरू नये. दिवसभर तापलेल्या संध्याकाळी, वडील थकून आलेले, परीक्षेचे गुण नुकतेच कळलेले, अशा वेळी धर्मावरचा वाद फळ धरत नाही. आणि टिचकी म्हणजे टिचकीच. झाड गदागदा हलवले तर घोसच मोडतो.

धर्मग्रामाचीही गत वेगळी नाही. कोविडच्या काळात, मार्च २०२० मध्ये देवालये बंद झाली. आपल्या राज्यात ती नोव्हेंबर २०२० मध्ये उघडली, पुढच्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी परत उघडली. तेव्हा घरात बसणे गरजेचे होते. पण मोबाईलवरची मिस्सा काहींच्या अंगवळणी पडली. म्हाताऱ्या, आजारी माणसांना ती आधार आहे, त्यांच्याविषयी आम्ही बोलत नाही. धडधाकट माणसाला मात्र पडद्यावरून कोणी हात देत नाही, त्याच्या मुलाची चौकशी करत नाही, त्याच्याशी मतभेदही करत नाही.

पेन्टेकॉस्टच्या दिवशी लोकांना वाटले की शिष्य प्यालेले आहेत. पेत्राने उभे राहून सांगितले की अजून दिवसाचा तिसराच तास आहे, म्हणजे सकाळचे नऊ. टोमॅटोच्या वेळेशी जुळते हा योगायोग. त्यातून आम्ही सिद्धान्त काढणार नाही. पण जो पेत्र अंगणातल्या दासीसमोर प्रभूला नाकारून बसला होता, तोच त्या सकाळी गर्दीपुढे उभा राहिला, आणि त्या दिवशी सुमारे तीन हजार लोकांचा बाप्तिस्मा झाला. प्रभूबरोबर चालून, शिकून पेत्राजवळ सारे होते. वारा तेवढा लागायचा होता.

बरेच दिवस मिस्साला न दिसलेली कुटुंबे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहेत. येत्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर, ऊन चढण्याआधी, दोघे-दोघे मिळून त्यांच्याकडे जाऊ या. सोबत घरातले एक तरुण मूलही न्यावे. का येत नाही, असे दारातच विचारू नये. बरे आहात ना, एवढे विचारावे, चहा दिला तर घ्यावा, आणि बोलण्याचे काम अधूनमधून त्या मुलावर सोपवावे.