थोमाचे बोट आणि इर्ल्याचा क्रूस



रविवारच्या शुभवर्तमानाची वाचने तीन वर्षांच्या चक्रात बदलत असतात, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. परंतु पुनरुत्थानकाळाच्या दुसऱ्या रविवारी मात्र वर्ष कोणतेही असो, संत योहानाच्या विसाव्या अध्यायातील एकच प्रसंग वाचला जातो. तो म्हणजे थोमाचा. बाकीचे शिष्य सांगत होते की आम्ही प्रभूला पाहिले. थोमाने ते ऐकून घेतले, पण मानले नाही. खिळ्यांच्या खुणा पाहिल्याशिवाय, त्यांत बोट घातल्याशिवाय आपण विश्वास ठेवणार नाही, असे त्याने सर्वांसमोर सांगितले.

यानंतर काय झाले त्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. शिष्यांनी त्याला बाहेर काढले नाही. आठ दिवसांनी तो त्याच खोलीत, त्यांच्याबरोबरच होता. प्रभू आला तेव्हा त्याने शांतीचा आशीर्वाद दिला आणि थेट थोमाकडे वळून आपले हात पुढे केले. थोमाने खरोखर बोट घातले की नाही, हे योहान लिहीत नाही. चित्रकारांनी घातलेले दाखवले, ते त्यांच्या कल्पनेने. पाहिल्यावाचून विश्वास ठेवणाऱ्यांना प्रभूने धन्य म्हटले हे खरेच. पण ते म्हणण्याआधी त्याने तपासू इच्छिणाऱ्याला तपासू दिले.

हा प्रसंग वाचताना आमच्या मनात नेहमी एक जवळची घटना येते. इर्ला काही आपल्याला परके नाही. अंधेरी आणि विलेपार्ले यांच्या मधलीच ती वस्ती. मार्च २०१२ मध्ये तेथील वेलंकनी मातेच्या चर्चजवळील क्रूसावरील ख्रिस्तमूर्तीच्या पायांतून पाण्याचे थेंब पडू लागले. बातमी पसरली, लोक जमले, प्रार्थना सुरू झाल्या. काहींनी ते पाणी बाटल्यांत भरून घरी नेले. त्या गर्दीत कोणी आजारी होते, कोणाचा मुलगा बेकार होता, कोणाच्या घरात वर्षानुवर्षांची भांडणे होती. त्यांना हसण्याचा अधिकार कोणालाही नाही.

एका दूरचित्रवाणी वाहिनीच्या निमंत्रणावरून सनल एडमरुकू हे बुद्धिप्रामाण्यवादी कार्यकर्ते दिल्लीहून आले आणि त्यांनी जागेची पाहणी केली. त्यांचे म्हणणे असे की, जवळच्या स्वच्छतागृहाच्या गटारात पाणी तुंबले आहे. ते भिंतीत व क्रूसाच्या पायथ्यात मुरून वर चढते आणि मूर्तीच्या पायाशी बाहेर पडते. शाळेतल्या पुस्तकात याला केशाकर्षण म्हणतात. पुस्तक न उघडताही ते आपल्याला माहीत आहे. कंदिलाच्या वातीत रॉकेल वर चढते ते असेच. पावसाळ्यात तळमजल्याच्या खोलीत जमिनीपासून हात-दीड हात भिंत ओली होते, रंगाचे पोपडे सुटतात, तेही असेच. भिंतीवरची ती ओल पाहून आपण गुडघे टेकत नाही, वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावतो.

एडमरुकू तेवढ्यावर थांबले नाहीत. दूरचित्रवाणीवरच्या चर्चेत त्यांनी ख्रिस्तसभा विज्ञानविरोधी आहे, चमत्कारांचा बाजार मांडते, असे आरोपही केले. ते अनेकांना लागले आणि लागणे स्वाभाविक होते. आर्चडायोसिजच्या वतीने तेव्हाच स्पष्ट करण्यात आले होते की, चमत्कार ठरवण्याच्या बाबतीत ख्रिस्तसभा नेहमीच सावध असते. पण प्रापंचिकांच्या काही संघटना पोलिसांकडे गेल्या. धार्मिक भावना दुखावल्याबद्दल, त्या वेळच्या भारतीय दंडविधानाच्या कलम २९५-अ खाली तक्रारी दाखल झाल्या. अटक होईल म्हणून एडमरुकू त्याच वर्षी देश सोडून फिनलंडला गेले.

येथे आम्हाला स्पष्ट बोलले पाहिजे असे वाटते. ख्रिस्तसभेवरचे आरोप चुकीचे असतील, तर त्यांना उत्तर देता येत होते, आणि तशी उत्तरे आपल्याकडे भरपूर आहेत. पाण्याविषयीचे निदान चुकीचे वाटत असेल, तर एखादा प्लंबर आणि एखादा अभियंता बोलावून दुसऱ्यांदा पाहणी करता येत होती. तपासाचे उत्तर तपासानेच द्यायचे असते. थोमासाठी प्रभूने शिपाई बोलावले नव्हते.

आणखी एक प्रश्न स्वतःला विचारण्यासारखा आहे. २१ सप्टेंबर १९९५ रोजी देशभर गणपतीच्या मूर्ती दूध पितात अशी वार्ता पसरली होती. मुंबईतही देवळांसमोर रांगा लागल्या होत्या. त्या वेळी शास्त्रज्ञांनी पृष्ठताण आणि केशाकर्षण यांचा आधार घेऊन खुलासा केला आणि आपल्या घराघरांतून तो पटकन पटला. ऑगस्ट २००६ मध्ये माहीमच्या खाडीचे पाणी गोड झाले म्हणून लोक ते घाण पाणी प्यायले, तेव्हाही पावसाचे गोडे पाणी खाडीत उतरले असणार हे आपल्याला सहज समजले. शेजाऱ्याच्या दारात जो नियम लागू होतो, तो आपल्या क्रूसापाशी येऊन कसा थांबेल? पाण्याला धर्म नाही.

ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत आपल्या सर्वसाधारण समजुतीपेक्षा पुष्कळ कडक आहे. फ्रान्समधील लूर्द येथे १८८३ पासून वैद्यकीय तपासणीचे कार्यालय आहे. आजवर सात हजारांहून अधिक लोकांनी तेथे आपण बरे झाल्याचे नोंदवले. त्यांपैकी बिशपांनी चमत्कार म्हणून मान्यता दिलेल्या घटना सुमारे सत्तर आहेत. बाकीच्या लोकांना कृपा मिळाली नाही असा याचा अर्थ नव्हे. ख्रिस्तसभेला तसे जाहीर करता येत नाही, एवढाच अर्थ. कागदपत्रे पाहणाऱ्या डॉक्टरने श्रद्धावंतच असले पाहिजे अशीही अट तेथे नाही. मे २०२४ मध्ये व्हॅटिकनने अशा घटनांविषयी नवे नियम काढले. त्यांनुसार एखादी घटना अलौकिक आहे असे जाहीर करण्याचे सर्वसाधारणपणे टाळले जाते. फार तर तिच्या भक्तीला हरकत नाही, एवढेच सांगितले जाते, आणि तिच्यावर विश्वास ठेवण्याचे बंधन कोणावरही नसते. अशा घटनांच्या आडून पैसा किंवा सत्ता मिळवणे हा गंभीर दोष आहे, असेही तेथे म्हटले आहे. थोडक्यात, इर्ल्याला येऊन गटाराचे झाकण उघडून पाहणे हे ख्रिस्तसभेच्या रीतीला धरूनच होते.

ख्रिस्तसभा विज्ञानविरोधी आहे या आरोपाचे काय? गॅलिलिओला १६३३ साली दोषी ठरवण्यात आले हे नाकारण्यात अर्थ नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ मध्ये त्या प्रकरणातील चूक उघडपणे मान्य केली. साडेतीनशे वर्षे लागली, हे आपल्याला भूषणावह नाही. पण चित्राला दुसरी बाजूही आहे आणि ती पाहायला आपल्याला रोमला जावे लागत नाही. लोकलने चर्नी रोड किंवा मरीन लाइन्सला उतरावे आणि धोबीतलावच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात जावे. तेथील वनस्पतिसंग्रहालयाला फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांचे नाव आहे. हे स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय धर्मगुरू. त्यांनी पश्चिम भारतातील झाडाझुडपांचा अभ्यास केला, १९३४ साली ते वारले. त्यांच्या मागून आलेले फादर सांतापाव हेही येशूसंघीय, मूळचे स्पेनचे. खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला. पुढे ते भारत सरकारच्या वनस्पती सर्वेक्षण खात्याचे संचालक झाले आणि १९६७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. वाळवलेल्या पानाला चिकटपट्टी लावून त्याखाली गावाचे नाव आणि तारीख लिहिणे, हे काम ते धर्मगुरू असूनही करत होते असे नाही. देवाने जे निर्माण केले ते नीट पाहावे, या भावनेतूनच असे काम होते, असे आम्हाला वाटते.

बेल्जियमचे फादर जॉर्ज लमेत्र यांचे नाव आता विज्ञानाच्या पुस्तकांतही येते. विश्व प्रसरण पावत आहे हे त्यांनी १९२७ साली मांडले आणि एका आदिअणूपासून त्याचा आरंभ झाला असावा, ही कल्पना १९३१ साली. आज आपण तिला महास्फोट म्हणतो. १९५१ साली पोप पायस बारावे यांनी एका भाषणात विज्ञानाच्या या शोधाची सांगड उत्पत्तीच्या श्रद्धेशी घातली. कोणालाही वाटेल की लमेत्र आनंदले असतील. उलट ते अस्वस्थ झाले. आपला सिद्धान्त देवाचा पुरावा म्हणून वापरला जाऊ नये, असे त्यांचे मत होते. सिद्धान्त उद्या बदलू शकतो. मग त्यावर टेकवलेल्या श्रद्धेने कुठे जायचे? एक धर्मगुरू हे सांगत होता आणि त्याची श्रद्धा कमी होती म्हणून नव्हे.

जी गोष्ट महास्फोटाला लागू, तीच पायांतून पडणाऱ्या थेंबाला. गटार साफ केले, पाणी थांबले आणि त्याबरोबर श्रद्धाही आटली, तर ती श्रद्धा कशावर होती?

आता सर्वात अवघड भाग. त्या गर्दीतल्या एखाद्या आईला त्या थेंबांनी खरोखर आनंद झाला असेल. आजारी मुलाच्या कपाळाला ते पाणी लावताना तिला वाटले असेल की देवाने आपली दखल घेतली. तिला खरे सांगून तिचा आनंद हिरावून घ्यायचा का? हा प्रश्न आपल्या श्रद्धावंत माणसांना पडतो, तसा विज्ञान मानणाऱ्या सहृदय माणसांनाही पडतो. आमचे उत्तर असे की, तिला एकटीला सोडून नुसते खरे सांगणे क्रूरपणाचे आहे. आणि तिच्या सोबतीला न जाता तिला थेंबावर सोडून देणे हेही तितकेच क्रूर आहे. देवाने तिची दखल घेतलीच आहे. ते तिला कळावे, यासाठी तिच्या वॉर्डात जाऊन रात्र काढणारा कोणीतरी हवा, डब्याची सोय करणारा शेजार हवा. गटाराच्या पाण्याने मुलाला जुलाब झाले, तर आपली भक्ती त्याला कशी भरून देणार?

श्रद्धा असली की माणूस सदैव आनंदी असतो, ही आणखी एक समजूत. ती फार त्रास देते. नैराश्याने आजारी असलेल्या माणसाला आपण सहज बोलून जातो की प्रार्थना कमी पडते आहे. तो बिचारा आधीच खचलेला. त्यात आता तो पापीही ठरतो. कोलकात्याच्या संत तेरेसा यांची पत्रे २००७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला कळले की कित्येक वर्षे त्यांना प्रार्थनेत देवाचे सान्निध्य जाणवत नव्हते, आत केवळ काळोख होता. त्या काळातही त्या रस्त्यावरच्या मरणासन्नांना उचलून आणत होत्या. २०१६ साली ख्रिस्तसभेने त्यांना संत घोषित केले ते ही पत्रे वाचून, दडवून नव्हे. श्रद्धेचा आनंद म्हणजे मन सतत प्रसन्न असणे नव्हे. तो रक्तातील साखरेसारखा मोजून पाहता येत नाही.

साखरेवरून आठवले. प्रार्थनासभेहून परत आल्यावर मधुमेहाच्या, फिटच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या परस्पर बंद करणारी माणसे आपल्यातही असतात. गोळी घेणे म्हणजे प्रभूवर अविश्वास दाखवणे, असे त्यांना वाटते. त्यांनी बेनसिराच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय अवश्य काढून वाचावा. (हा ग्रंथ प्रॉटेस्टंट बंधूंच्या बायबलमध्ये सहसा सापडणार नाही, आपल्या बायबलमध्ये आहे.) वैद्य देवानेच नेमला आहे, औषधे देवानेच भूमीतून उगवली आहेत, शहाण्याने ती नाकारू नयेत, आजारात प्रार्थना करावी आणि मग वैद्यालाही त्याची जागा द्यावी, असे तेथे सांगितले आहे. ख्रिस्तजन्माच्या सुमारे दोनशे वर्षे आधी लिहिलेली ही शिकवण आहे. तीत प्रार्थना आणि वैद्य यांचे भांडण नाही.

या आठवड्याच्या समूह बैठकांत योहानाचा विसावा आणि बेनसिराचा अडतिसावा हे दोन्ही अध्याय वाचावेत, अशी विनंती आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गांतील मोठ्या मुलांनाही बसवून घ्यावे; त्यांच्या शंका लहान नसतात आणि घरी त्या विचारायची सोय नसते. आपल्या घरी किंवा इमारतीत कोणी आजारी असेल, तर कार्यालयात नाव द्यावे. तैलाभ्यंग केवळ शेवटच्या घटकेसाठी नसते. फादर तेल घेऊन येतील. डॉक्टरांची चिठ्ठी आणि गोळ्या उशाशीच असू द्याव्यात.