औषधाची परवानगी कोठवर?

मालेगावात एका गोळीला ‘कुत्ता गोळी’ म्हणतात. पोलिसी कारवायांच्या बातम्यांमुळे हे नाव महाराष्ट्रभर पोहोचले आहे. गोळीचे खरे नाव अल्प्राझोलाम. चिंताविकार आणि भयाचे झटके यांवर डॉक्टर लिहून देतात ते हे औषध. केंद्र सरकारच्या २०१९ च्या सर्वेक्षणानुसार अशी गुंगी आणणारी औषधे वैद्यकीय सल्ल्याविना घेणारे देशात सुमारे १ कोटी १८ लाख लोक आहेत. ती औषध म्हणून विकली जाते, म्हणूनच तरुणांच्या तोंडी एक प्रश्न असतो आणि तो आमच्या धाडसारख्या गावातही कानी पडतो: दारू हराम हे मान्य, पण ही तर औषधाच्या दुकानातली गोळी, हिला हराम कसे म्हणता?

‘नशा आणते म्हणून’ हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. हजरत उमर (रजि.) यांनी मिंबरवरून खम्रचा जो अर्थ सांगितला, त्यानुसार बुद्धीवर पडदा टाकणारी प्रत्येक वस्तू खम्र ठरते, मग ती द्राक्षांची असो की जवाची. अबू दाऊद यांच्या संग्रहात उम्मे सलमा (रजि.) यांची रिवायत आहे, तीत नशेबरोबरच शरीर शिथिल करणाऱ्या पदार्थांचीही मनाई येते. मात्र येथेच थांबलो, तर ज्या रुग्णाला तीच गोळी डॉक्टरांनी तपासून दिली, त्याचे काय? गोळी तीच, गुंगीही तीच.

येथे कुरआनच्या दुसऱ्या सूरहकडे वळावे लागते. निषिद्ध अन्न कोणते हे सांगून तेथे अगतिक माणसाला सूट दिली आहे, पण दोन अटींवर: मनात त्या वस्तूची ओढ नसावी आणि मर्यादा ओलांडली जाऊ नये. फकीहांचा नियमही असाच आहे की, निकडीने मिळालेली सूट निकडीच्याच मापाची असते. डॉक्टरांची चिठ्ठी म्हणजे हे माप होय. किती, केव्हा, किती दिवस आणि कोणासाठी, एवढेच तिच्यात असते. त्या मापाबाहेर गेलेली गोळी पुन्हा मूळ हुकमाखाली येते. घराघरांत जावेच्या नाहीतर शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या झोपेसाठी घेतल्या जातात. हेतू नशेचा नसतो, हे खरे. तरीही जिची निकड कोणी तपासलीच नाही, तिला सूट दिली कोणी?

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्याला डॉक्टरांनी गोळी दिली आहे, त्याच्या ईमानात खोट काढणे हा जुलूम आहे. ‘नमाज पढ, भीती जाईल’ एवढे सांगून रुग्णाला परत पाठवणारे आमच्यात कमी नाहीत. प्रेषित (स.) यांनी तर उपचार घेण्यास सांगितले आहे. लोकलाजेने जो डॉक्टरांकडे जात नाही, तोच पुढे चिठ्ठीविना गोळी शोधू लागतो.

आता विक्रेता. अल्प्राझोलाम, ट्रामाडोल, कोडीन ही औषधे २०१४ पासून एच-१ अनुसूचीत आहेत. चिठ्ठीविना विक्री नाही. डॉक्टर, रुग्ण, औषध आणि संख्या यांची नोंद वेगळ्या वहीत करायची आणि ती ३ वर्षे जपायची. ‘आम्ही औषध विकतो, घेणाऱ्याचे कर्म त्याच्यापाशी’, हा बचाव मात्र कायद्याहून जुना आहे. द्राक्षांचा रस मद्य करणाऱ्याला विकावा काय? इमाम अबू हनीफा यांनी मुभा दिली, कारण रसाचे रूप पालटल्यावाचून पाप घडत नाही; इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद या त्यांच्या शिष्यांना ते नापसंत होते. परंतु फितनेच्या काळात फितनेखोराला शस्त्र विकणे ‘हिदाया’मध्ये मकरूह ठरवले आहे, कारण शस्त्राचे रूप पालटावे लागत नाही. मला ही गोळी रसापेक्षा शस्त्राच्या जवळची वाटते. ती जशी विकली जाते तशीच गिळली जाते.

मुलाच्या खिशात गोळ्यांची पट्टी सापडली की बाप त्याला खोलीत कोंडतो, तौबा वदवून घेतो आणि गोळी त्याच दिवशी बंद करतो. बापाचे दुःख समजते. पण अल्प्राझोलामची दीर्घ सवय एकाएकी तोडल्यास आकडी येऊ शकते, प्राणावरही बेतू शकते; मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावी लागते. म्हणजे ज्याने मर्यादा ओलांडून गोळी खाल्ली, त्याला ती सोडण्यासाठीच काही काळ मोजून घ्यावी लागेल, आणि ती गोळी त्या सवलतीच्या मापात बसते. घरच्यांनी त्या दिवसांत त्याला नशेबाज म्हणू नये. मस्जिदीत तो सफेत उभा राहिला, तर शेजाऱ्याने सरकून जागा द्यावी. कोणाला विचारावे हे कळत नसेल, तर १४४४६ ही सरकारची नि:शुल्क व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे.