आसरा आणि विहिरीचा कठडा

राष्ट्रकूटकालीन जगत्तुंग तलाव, भुईकोट किल्ल्याला वेढणारा खंदक आणि तालुक्यातून वाहणारी मन्याड नदी ही कंधारची जुनी जलसंपत्ती होय. मराठवाड्यात पाण्याचे मोल कोणाला सांगावे लागत नाही. परंतु जेथे पाणी आहे तेथे त्याचे भयही आहे, आणि त्या भयाला आपल्या पूर्वजांनी नाव दिले: साती आसरा.

आसरा म्हणजे अप्सरा, पाण्यात वावरणाऱ्या सात बहिणी. डोहाच्या काठी किंवा विहिरीच्या थारोळ्यापाशी शेंदूर फासलेले सात दगड ओळीने मांडलेले दिसतात. कधी शेजारी म्हसोबा राखणीला असतो. बाळंतीण बाई हळदकुंकू, खण आणि हिरव्या बांगड्या वाहून त्यांची मनधरणी करते. मान राखला तर त्या लेकरू सांभाळतात, रागावल्या तर ओढून नेतात. कोकणातला गिऱ्हा रात्री नदी उतरणाऱ्याला वाट चुकवून खोल पाण्यात नेतो. दूर स्कॉटलंडमध्ये ‘केल्पी’ देखण्या घोड्याच्या रूपाने काठावर उभा राहतो. मूल पाठीवर बसले की त्याचे हात घोड्याच्या कातडीला चिकटतात आणि घोडा पाण्यात शिरतो. त्याच देशात फॉलकर्क येथे 2013 साली केल्पीची तीस मीटर उंचीची दोन पोलादी मस्तके उभारली गेली. ज्या घोड्याच्या भयाने मुले घरी पळत, त्याच्यासमोर ती आता छायाचित्रे काढून घेतात!

एकमेकांना न भेटलेल्या माणसांनी पाण्याला असा हात का द्यावा? आम्हाला वाटते, याचे कारण बुडण्याच्या रीतीतच आहे. बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही. श्वास घेण्यापुरतेही तोंड वर राहत नाही, तेथे हाक कोठून निघणार? हात हलवून खुणावण्याऐवजी तो पाणी खाली दाबत राहतो. काठावरच्यांना दिसते ते एवढेच, की आता होता आणि आता नाही. त्यात तळच्या गाळात पाय रुतलेला असला, तर कोणी ओढले असेच वाटणार.

या भयाच्या बाजूने बोलणारे लोक मूर्ख नाहीत. आमच्या ख्रिस्ती घरांतल्या आजीबाईही नातवंडांना सांगतात, ‘डोहाकडे जाऊ नको, आसरा नेतील.’ मूल घाबरते, जात नाही, वाचते. मग खोट्या भयाने खरा जीव वाचत असेल, तर ते मोडण्याचा अधिकार शिकलेल्यांना कोणी दिला? या प्रश्नाला हसून उत्तर देता येणार नाही.

तथापि भयाला फक्त जुनी ठिकाणे ठाऊक असतात. 2016 साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आली आणि शिवारोशिवारी तळी झाली. शेतकऱ्याला त्यांचा आधार झाला हे निर्विवाद. परंतु तळाला आणि उतरत्या बाजूंना प्लास्टिकचा कागद, त्यावर शेवाळ. एकदा घसरलेला पोहणाराही वर चढू शकत नाही. तेथे शेंदराचे सात दगड नाहीत. डोहाला भिणारे मूल शेततळ्याला भीत नाही, कारण त्याला पाण्याचे ज्ञान कोणी दिलेच नव्हते, नुसते भय दिले होते. काठावरून पाण्यात सोडलेला गाठींचा दोर, हवा भरलेली एक ट्यूब आणि भोवती तारेचे कुंपण, एवढ्याने कित्येक जीव वाचतील. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2024 च्या अहवालानुसार 2021 या एका वर्षात जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली.

आम्हाला अधिक खुपते ते निराळेच. एखादी सासुरवाशीण पहाटे विहिरीत सापडते आणि दुपारपर्यंत गावाचे एकमत होते: आसरांनी ओढली. बस्स. ती रात्री का रडत होती, माहेरचा निरोप तिला का मिळाला नाही, हे मग कोणी कोणाला विचारीत नाही. सात बहिणींवर आळ गेला की घरातली सात माणसे सुटतात. निर्गमाच्या पुस्तकातील नियम येथे फार रोखठोक आहे: ज्याने खड्डा खणून उघडा ठेवला, त्यात पडलेल्या बैलाची भरपाई त्यानेच द्यायची. अनुवादाच्या पुस्तकात नव्या घराच्या धाब्याला कठडा बांधण्याची आज्ञा आहे. नाहीतर पडणाऱ्याच्या रक्ताचा दोष घरावर येतो. तेथे भुताचे नाव नाही, घरमालकाचे आहे.

आयोनाचे मठाधिपती अदोम्नान यांनी सातव्या शतकाच्या अखेरीस संत कोलंबा यांचे चरित्र लिहिले. त्यात पिक्ट लोकांच्या एका विहिरीची कथा आहे. तिचे पाणी प्यायल्याने कोड फुटते, दृष्टी जाते अशा समजुतीने लोक तिला भीत आणि पूजीतही. संतांनी ती बुजवली नाही. आशीर्वाद देऊन त्यांनी त्याच पाण्याने हातपाय धुतले, सोबत्यांसह ते पाणी प्याले. त्याच चरित्रात नेस नदीतल्या हिंस्र जलचराला क्रूसाच्या खुणेने परतविल्याचा प्रसंग अधिक प्रसिद्ध आहे. मात्र जलचराने नुकताच एक माणूस मारलेला असताना संतांनी आपल्या सोबत्याला नाव आणण्यासाठी पोहत पाठविले, हे वाचताना आम्ही नेहमी थोडे अडखळतो. विहिरीची कथा आम्हाला अधिक प्रिय आहे. तेथे धोका संतांनी स्वतः पत्करला आहे.

राहता राहिला एक अवघड प्रसंग. ज्या माउलीचे लेकरू काल बुडाले, ती ‘आसरांनी नेले’ म्हणते, तेव्हा धर्मगुरूने तिला सुधारावे काय? आमच्या मते, नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेले अठराजण इतरांहून अधिक पापी नव्हते, असे प्रभूने सांगितले. तेवढेच तिला सांगावे, की तुझ्या हातून कोणाचा मान राखायचा राहिला म्हणून हे घडले नाही. तिच्या बांगड्या तिला वाहू द्याव्यात. तेराव्यानंतर मात्र तळ्याच्या मालकाकडे जावे, आणि जाताना दोर सोबत न्यावा.