पितळेवरचे व्रण

जुनी पितळी शास्त्रीय उपकरणे जमविणारे पुष्कळदा ती घासून लखलखीत करतात. त्यात कोरलेले अंशांचे बारीक आकडे पुसट होतात. वस्तू उरते, तिची साक्ष जाते. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढविताना विल्यम लॅम्बटन यांचा अवजड थिओडोलाइट आदळला, वर्तुळ वाकले. त्यांनी ते स्वहस्ते सुधारले आणि भारताची मोजणी पुढे नेली. १८२३ मध्ये हिंगणघाट येथे, कार्यरत असतानाच, त्यांचे निधन झाले. अशा उपकरणावरील खुणा हा कलंक नव्हे, श्रमांची साक्ष होय. पुनरुत्थित ख्रिस्तानेही आपले व्रण झाकले नाहीत. थोमाला ते दाखविले. म्हणून संग्राहक हा वस्तूचा केवळ मालक नव्हे, विश्वस्त होय. घरातील वृद्धांच्या सुरकुतलेल्या हातांकडेही आपण याच दृष्टीने पाहू या.