समोरचा आणि न आलेला

ग्रंथपालाला पगार मिळतो तो पुस्तके देण्याचा, पण त्याचा कस लागतो 'नाही' म्हणताना. पुण्यातल्या एका विधी महाविद्यालयाच्या इश्यू काउंटरमागे माझी सगळी नोकरी गेली. समोर उभ्या मुलाचा उद्या पेपर. हातात मुल्लांचे हिंदू कायद्यावरचे जाडजूड पुस्तक आणि त्याच्या पाठीवर लाल पट्टी. लाल पट्टी म्हणजे रेफरन्स, खोलीबाहेर न्यायचे नाही. "मॅडम, एकच रात्र. सकाळी तुमच्या आधी येऊन उभा राहतो." मुलगा खरा, त्याची नड खरी. त्या क्षणी खोटे काही वाटत असेल तर नियमावर बोट ठेवून बसलेली मीच.

निवृत्त झाल्यावर या 'नाही'चा विचार करायला सवड मिळाली. माझ्या मते हा प्रश्न ग्रंथालयशास्त्राच्या पुस्तकात मावणारा नव्हेच, तो धर्माचा आहे. समोर उभा असलेला माणूस आणि अजून आलेलाच नाही असा माणूस, या दोघांत मी कोणाचे देणे लागते?

कायद्याच्या ग्रंथालयात हा प्रश्न जास्त टोचतो, त्याला कारण आहे. कादंबरी माणूस घरी नेतो आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतो. कायद्याचे पुस्तक असे कोणी वाचत नाही. नागपूरहून निघणाऱ्या ऑल इंडिया रिपोर्टरचा एक खंड घ्या. वकील किंवा विद्यार्थी चिठ्ठीवर साल, कोर्ट आणि पान लिहून येतो, दहा मिनिटांत हवा तो निवाडा काढतो, चार ओळी उतरवतो आणि खंड टेबलावर तसाच टाकून जातो. तोच खंड चौदा दिवस कोणाच्या खोलीवर राहिला, तर त्याच्या उपयोगी पडतात ती चार पाने. बाकीची शेकडो पाने, म्हणजे शेकडो माणसांची भांडणे, त्याच्या गादीशेजारी पडून राहतात. ती मागायला कोण येईल हे आधी कळत नाही, आणि जो येतो तो रिकामी फट बघून परत जातो. तो माझ्याशी भांडतही नाही. भांडतो तो समोरचा.

ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयाची एक गोष्ट मी नव्या मुलांना दरवर्षी सांगत असे. सर थॉमस बोडली यांनी १६०२ मध्ये ते उघडले आणि पुस्तक बाहेर द्यायचे नाही असा दंडक घातला. वाचकाने आत येण्याआधी शपथ घ्यायची, त्यात आतमध्ये विस्तव न आणण्याचेही वचन, त्यामुळे विद्वान मंडळी थंडीत कुडकुडत वाचत बसत. १६४५ साली यादवी युद्ध चालू होते आणि राजा पहिला चार्ल्स ऑक्सफर्डलाच मुक्काम ठोकून होता. त्याला दोबिन्ये या फ्रेंच लेखकाचा इतिहास वाचायचा होता. त्याने माणूस पाठवला. ग्रंथपाल जॉन राऊस यांनी पुस्तकाऐवजी नियमावली पुढे केली, आणि राजाने ती मानली. नऊ वर्षांनी, त्या राजाचे मुंडके उडवले गेल्यानंतर, क्रॉमवेलने एक हस्तलिखित मागवले. त्यालाही तेच उत्तर मिळाले. १९६४ साली त्याच विद्यापीठाचे कायद्याचे ग्रंथालय सेंट क्रॉस इमारतीत उघडले, तेही मुळात तिथेच बसून वाचण्याचे.

मुलांना यातले राजाला नाही म्हणणे आवडे. मला जास्त नवल वाटते ते राजाच्या ऐकण्याचे. बृहदारण्यकात सांगितले आहे की धर्म हे बळाच्याही वरचे बळ आहे, आणि त्याच्या जोरावर दुबळाही बलवानाला आवरू शकतो. राऊसच्या हातात शिपाई नव्हते, तोफा नव्हत्या. त्याच्या बाजूला फक्त उद्या येणारा एखादा वाचक होता, ज्याचे नाव त्यालाही ठाऊक नव्हते. न आलेल्या माणसाची बाजू मांडायला काउंटरवर दुसरे कोणी नसते. त्याचे वकीलपत्र न मागता ग्रंथपालाकडे येते.

इथे माझ्या आईचा आवाज आडवा येतो. तिला संत एकनाथांची गोष्ट फार प्रिय. काशीहून रामेश्वराला न्यायची कावड, वाटेत तहानेने तडफडणारे गाढव, आणि नाथांनी ते गंगाजल त्याच्या तोंडात ओतले. रामेश्वर दूर होता, गाढव समोर होते. "तुझा तो न आलेला वाचक म्हणजे तुझा रामेश्वर," आई म्हणायची, "आणि पोरगं मात्र रडकुंडीला आलंय." या युक्तिवादाला मी बरीच वर्षे निरुत्तर होते. आता मला वाटते, नाथांनी ओतले ते स्वतःचे होते. पाय त्यांचे, खांदा त्यांचा, यात्रेचे पुण्यही त्यांचेच. स्वतःचे पुण्य देणारा संत होतो. मी मुल्ला दिले असते तर परक्याच्या हक्कातून दिले असते आणि भलेपणा मात्र माझ्या नावावर जमा झाला असता. दयेचा असा हिशेब मला पटत नाही.

तरीही आईचे म्हणणे वाया गेले नाही. बऱ्याच ग्रंथालयांत ओव्हरनाइट इश्यू असतो, तो आमच्याकडेही सुरू झाला. बंद होताना रेफरन्सचे पुस्तक न्यायचे, सकाळी उघडताच परत करायचे. रात्री कुलूप असते, न आलेला वाचक त्या वेळात येऊच शकत नाही, मग त्याचे काय जाते? नियम कोणासाठी आहे हे नीट कळले की तो कुठे सैल सोडायचा हेही कळते. ज्यांना कळलेले नसते ते एकतर सगळे देतात किंवा काहीच देत नाहीत.

आपल्या जुन्या स्मृतिकारांना हा भेद माहीत होता. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा तिसरा खंड, १९४६ चा, मी काउंटरवरच्या निवांत दुपारी वाचला. मनूच्या अठरा व्यवहारपदांत पहिले ऋण आणि दुसरे ठेव. पैसे उसने घेतले तर ते खर्चून दुसरे पैसे परत करता येतात, ठेव मात्र तीच परत करावी लागते. याज्ञवल्क्याने मागून आणलेल्या वस्तूला ठेवीचाच नियम लावला, आणि मिताक्षरेने तिथे लग्नाकार्यासाठी मागून आणलेल्या वस्त्रा-दागिन्यांचे उदाहरण दिले. ग्रंथालयाचे पुस्तक या रांगेतले. १८७२ च्या करार कायद्याचे कलम १६० वेगळे काही सांगत नाही: मुदत संपली की मागणीची वाट न बघता वस्तू परत करावी. कलम १५१ मात्र म्हणते की सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यावी. हे कलम लिहिणाऱ्याने विधीच्या विद्यार्थ्याची स्वतःची पुस्तके पाहिली नसावीत. तीन रंगांची शाई, कोपरे दुमडलेले, मलपृष्ठावर मेसचा हिशेब.

इथपर्यंत मी नियमाची तरफदारी केली. आता दुसरी बाजू, आणि ती जड आहे.

'नाही' म्हणणारी सर्वांत मोठी ग्रंथालये आपल्याकडे माणसांच्या मुखात होती. ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायात शूद्राच्या अधिकाराचा विचार येतो, आणि शंकराचार्यांसारख्या तत्त्ववेत्त्याच्या भाष्यातही निष्कर्ष हाच की इतिहास-पुराणे त्याने ऐकावीत, वेद नव्हे. ज्ञानोबांनी, परंपरेने १२९० साल धरतात, ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात या व्यवस्थेवर सरळ ठपका ठेवला: वेद संपन्न खरा, पण त्याच्याइतका कृपण दुसरा नाही, कारण तो तीनच वर्णांच्या कानी लागला. हा उणेपणा फेडायला तो गीता होऊन सर्वांसाठी खुला झाला, असे ते पुढे मांडतात. वेदाला कंजूष म्हणणे ही लहान गोष्ट नाही, आणि म्हणणारा स्वतः वाळीत टाकलेल्या घरातला होता.

ऑक्सफर्डचेच बघा. नाशिकला १८६६ मध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजातून पहिल्या आल्या, पण विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती बाई म्हणून नाकारली गेली. वर्गणीतून पैसे उभे राहिले, त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या, आणि १८८९ मध्ये त्या तिथल्या सॉमरव्हिल कॉलेजात पोचल्या. १८९० मध्ये ऑल सोल्सचे प्रमुख सर विल्यम अ‍ॅन्सन यांनी त्यांना कॉलेजच्या कॉड्रिंग्टन ग्रंथालयात बसून वाचण्याची मुभा दिली. कायद्याच्या पुस्तकांसाठी नावाजलेल्या त्या दालनात याआधी स्त्री वाचक नव्हती. १८९२ मध्ये त्यांनी कायद्याच्या बीसीएल पदवीची परीक्षा दिली, तीही खास ठरावाने. पदवी हातात पडली १९२२ मध्ये. आणि ते दालन उभे राहिले होते बार्बाडोसच्या उसाच्या मळ्यांत गुलाम राबवणाऱ्या कॉड्रिंग्टन घराण्याच्या पैशावर. कॉलेजने २०२० मध्ये ते नाव वापरणे सोडले.

मग राऊसचा नकार आणि सोराबजींना बघावी लागलेली ही वाट, यांत फरक काय? दोन्हीकडे नियमच होता, दोन्हीकडे तो पाळणारी माणसे स्वतःला प्रामाणिकच समजत असणार. मला सुचलेली कसोटी अशी: नियम पुस्तकाबद्दल बोलतो की माणसाबद्दल? हे पुस्तक खोलीबाहेर जाणार नाही, असे म्हटले की राजा आणि हमाल एका बाकावर येतात. अमुक माणूस आत येणार नाही, असे म्हटले की पुस्तक हे निमित्त उरते आणि राखली जाते ती मालकी.

कसोटी चांगली आहे, पण बुक बँकेपाशी ती अडखळते. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तके लांब मुदतीने देणारी सरकारी योजना विधी शाखेलाही आहे, आणि ती सरळसरळ माणसाचे नाव घेते. "त्यांना वर्षभर आणि आम्हाला चौदा दिवस?" हा प्रश्न दर जूनमध्ये काउंटरवर येई. विचारणाऱ्याच्या घरी बहुधा आजोबांपासूनची कपाटे असत, आणि बुक बँकेतला मुलगा घरातला पहिलाच पदवीपर्यंत आलेला. दारावर पिढ्यान्‌पिढ्या माणूस बघून अडवले गेले असेल, तर दार उघडतानाही माणूस बघावाच लागतो. हे मी मुलांना समजावत बसे. सगळ्यांना पटे असे नाही.

नियमाच्या हाताबाहेरचे एक पाप आहे, ते मूट कोर्टाच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सराव-खटल्यांच्या, हंगामात घडते. स्पर्धेचा विषय जाहीर झाला की हवा तो खंड नाहीसा होतो. रजिस्टरात इश्यू नाही, दाराशी कोणी बॅग उघडून दाखवायला चुकलेले नाही. वार्षिक मोजणीला आमचे शिपाईमामा तो खंड आयकराच्या जुन्या पुस्तकांमागे आडवा पडलेला काढत. लपवणाऱ्याने काही नेलेले नसते. पुस्तक इमारतीतच असते, लाल पट्टीसकट, आणि तरी चोरी झालेली असते. पतंजलींनी अस्तेय आणि अपरिग्रह वेगवेगळे मोजले. असा खंड हातात आला की मला दोन्ही एकदम मोडलेले दिसत. अशा मुलाला दंड करता येत नाही, कारण कुठल्याच कलमात तो बसत नाही. पुढे हाच मुलगा कोर्टात समोरच्या वकिलाला न्यायनिवाड्याची प्रत देईल ना, एवढे मनात येई.

आता खंडांवर धूळ आहे. निवाडे पडद्यावर आले, आणि माझा सगळा प्रश्न वरवर पाहता मिटला. एकाने वाचल्याने दुसऱ्याचे पान अडत नाही, न आलेल्या वाचकाचे काही बिघडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ पासून आपले रिपोर्ट ई-एससीआरवर फुकट ठेवले, हे मोठे काम झाले. पण टीपा, भाष्ये, खासगी डेटाबेस पासवर्डमागे आहेत, आणि पासवर्ड पुस्तकाची चौकशी करत नाही. तो विचारतो, तुम्ही कोण, या संस्थेचे आहात का. पूर्वी मावळातला एखादा शेतकरी सातबारा घेऊन यायचा, कुळकायद्यावरचे पुस्तक मागायचा. प्राचार्यांच्या परवानगीच्या चिठ्ठीवर त्याला वाचन कक्षात बसता येई. घरी पुस्तक नेता येत नसे, पण लाल पट्टीचे पुस्तक दिवसा कोणालाच नेता येत नसे. आज त्याच खुर्चीवर तो बसला तर समोर लॉगिनची चौकट उघडते.

अजूनही एखादे कॉलेज डेटाबेस घेताना मला सल्ल्याला बोलावते. किमतीची घासाघीस ते करतात, मी करारातले एक कलम शोधते: नोंदणी नसलेला माणूस ग्रंथालयात येऊन तिथल्या संगणकावर वाचू शकतो की नाही. काही करारांत ते असते. सही करणाऱ्यांपैकी कोणी ते वाचलेले असेलच असे नाही.