मार्क नसतील तर?


आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ४७

पावण्याच्या एमआयडीसीत आमचं ऑफिस. परवा इंटर्नला म्हटलं, "एवढं फंक्शन स्वतः लिहून बघ." तो म्हणाला, "सर, एआय देतोय ना लिहून! कॉलेजला फक्त सर्टिफिकेट हवंय."

राग आला, पण बोलायला तोंड कुठे होतं? आम्हीही काचेखाली बल्ब लावून ड्रॉइंगच्या शीटची जीटी मारायचो. जर्नल तर मित्राच्या चुकांसकट उतरवायचो. टर्मवर्क मिळालं, विषय सुटला. आलं मात्र काहीच नाही.

कोरोनात अंतिम वर्षाच्या परीक्षेचा वाद सुप्रीम कोर्टात गेला. २८ ऑगस्ट २०२० ला निकाल आला : परीक्षेशिवाय पास करता येणार नाही. पण परीक्षा सक्तीची करता येते, अभ्यासाची ओढ कशी करणार?

या श्लोकाचे चार चरण. आपण पहिले दोनच पाठ करतो : कर्म कर, फळावर हक्क सांगू नकोस. तिसरा सांगतो, फळासाठीच कर्म करू नकोस. आणि चौथा : कर्म टाळण्याचीही आसक्ती नको. फक्त पॉइंटरसाठी राबणारा तिसऱ्यात अडकतो, "मार्कांनी काय होतं?" म्हणत पुस्तकच न उघडणारा चौथ्यात. मार्क लागतातच, प्लेसमेंटला अट असते. पण भगवंत मार्क सोडायला सांगत नाहीत, काम मनापासून करायला सांगतात.

संध्याकाळी त्याला माझी जीटीची गोष्ट सांगितली. हसला, आणि लॅपटॉप उघडून बसला. तीनदा चुकला. चौथ्यांदा फंक्शन चाललं.

आज एक काम असं करूया, ज्याचे मार्क कुणीच देणार नाही.