नांवाचें ऋण

फसविला गेलेला मनुष्य दोषमुक्त असतो काय, हा प्रश्न न्यायशास्त्रापेक्षां नीतिशास्त्राला अधिक अडचणींत टाकणारा आहे. कायदा फसविणारास शासन करतो व मोकळा होतो. परंतु एकानें आपलें नांव लबाडाच्या हातीं दिलें आणि त्या नांवाच्या भरंवशावर दुसऱ्यानें आपली पुंजी गुंतविली, तर नांव देणाराची जबाबदारी कोठें संपते? अमेरिकन यादवी युद्धांतील उत्तरपक्षाचा सेनापति युलिसिस ग्रँट याच्या शेवटच्या सव्वा वर्षाचा इतिहास या दृष्टीनें वाचण्यासारखा आहे.

१८६५ सालीं दक्षिणेचा सेनापति ली याची शरणागति स्वीकारणारा, १८६९ पासून आठ वर्षें राष्ट्राध्यक्ष असलेला, आणि जगप्रवासांत १८७९ च्या फेब्रुवारींत आपल्या मुंबईंतही उतरलेला हा पुरुष उतारवयांत न्यूयॉर्कच्या ग्रँट अँड वॉर्ड या पेढीचा भागीदार झाला. मुलगाही तींत होता. कारभार मात्र सारा फर्डिनंड वॉर्ड या तरुणाच्या हातीं. नव्या ठेवींतून जुन्यांस नफा वाटण्याची वॉर्डची हिकमत तेव्हांही नवी नव्हती, आणि आजही जुनी झालेली नाहीं. नफ्याचे आंकडे विस्मयकारक होते. विस्मय करण्याची तसदी मात्र ग्रँटनें घेतली नाहीं.

४ मे १८८४, रविवार. मरीन बँक अडचणींत आहे, एका दिवसापुरते दीड लाख डॉलर मिळवून द्यावे, अशी गळ वॉर्डनें घातली. ग्रँट विल्यम व्हँडरबिल्टकडे गेला. बँकेशीं मला कर्तव्य नाहीं, देतों तें जनरल ग्रँटला देतों, असें सांगून त्या धनिकानें रक्कम दिली. दोन दिवसांनीं बँक व पेढी दोन्ही बुडाल्या. पतिपत्नींजवळ उरलेली रोकड दोनशे डॉलरांच्या आसपास होती!

हें कर्ज कपटानें काढविलेलें होतें, आणि सावकार तें सोडून देण्यास राजी होता. तरीही ग्रँटनें घरें, जमिनी, इतकेंच नव्हे तर रणांगणावरील तरवारी, पदकें आणि राजेरजवाड्यांचे नजराणेही त्याच्या नांवें करून दिले. (ह्या स्मृतिवस्तु पुढें राष्ट्राच्या स्वाधीन झाल्या.) स्वप्नांतील वचनासाठीं राज्य सोडणाऱ्या हरिश्चंद्राच्या कथेवर वाढलेल्या आपणां वाचकांस हें वर्तन परकें वाटणार नाहीं.

पण स्तुति करून येथेंच थांबणें मला बरें वाटत नाहीं. पेढीचें एकंदर देणें दीड कोटि डॉलरांहून अधिक होतें. ज्यांनीं वॉर्डकडे नव्हे, तर पाटीवरील पहिल्या नांवाकडे पाहून पैसे ठेविले, त्यांचे ते गेले. ज्या व्हँडरबिल्टला त्या रकमेची गरज नव्हती त्याच्यापुढें ग्रँटनें सर्वस्व ठेविलें. ज्यांना गरज होती ते मोकळ्या हातीं राहिले. मानी मनुष्य ज्याच्या डोळ्याला डोळा देऊन उसनें घेतो त्याचें देणें विसरत नाहीं. ज्याचें तोंड त्यानें पाहिलेलें नसतें त्याचें ऋण त्याला ऋणच वाटत नाहीं. हा दोष एकट्या ग्रँटचा नव्हे. मानाची कल्पनाच मुळांत अशी तोंडदेखली आहे.

त्याच वर्षीं ऑक्टोबरांत घशाच्या कर्करोगाचें निदान झालें. पत्नीस निराधार ठेवून जावयाचें नाहीं, म्हणून तो आत्मवृत्त लिहावयास बसला. मार्क ट्वेननें निव्वळ नफ्याचे शेंकडा ७० देऊं केले. घशाला कोकेन लावून तो लिही; आवाज गेल्यावर चिठ्ठ्यांवर बोले. मी आतां सर्वनाम नसून क्रियापद आहें, असणें, करणें आणि सोसणें या तिहींचा वाचक, अशा आशयाची एक चिठ्ठी त्यानें डॉक्टरला लिहिली. या आत्मवृत्तांत १८६४ मधील कोल्ड हार्बरच्या शेवटच्या हल्ल्याविषयीं आपणांस नेहमीं खेद वाटत आला, असें त्यानें स्पष्ट लिहिलें आहे. तेथें दोष टाकावयास वॉर्ड नव्हता. खेदानें तें ऋण फिटलें असें मी म्हणत नाहीं. पण त्या मृतांपैकीं फारच थोड्यांचीं तोंडें त्यानें पाहिलेलीं असतील, आणि तरीही तें ऋण त्याला ऋण वाटलें, हें नमूद केलें पाहिजे.

१० जुलै १८८५ रोजीं माउंट मॅक्ग्रेगर येथें बकनर त्याला भेटावयास आला. १८५४ सालीं कफल्लक ग्रँटसाठीं न्यूयॉर्कच्या हॉटेलवाल्यास हमी देणारा हाच. १८६२ सालीं डोनेल्सनच्या किल्ल्यावर ग्रँटनें बिनशर्त शरण यावयास लाविलें तोही हाच. रोग्याला बोलतां येत नव्हतें. त्यानें उत्तरें कागदावर लिहिलीं. २३ जुलैला ग्रँट वारला. ग्रंथ तेवढ्यांत पुरा झाला होता. पार्थिव वाहणाऱ्या मानकऱ्यांत बकनरही होता.

१८८६ च्या फेब्रुवारींत ग्रँटच्या पत्नीच्या हातीं दोन लाख डॉलरांचा पहिला चेक पडला. वॉर्ड त्या वेळीं सिंग सिंगच्या तुरुंगांत होता.